ठिपक्यांचा हिशोब

रंगीत मक्याचं कणीस सोललं की काही दाणे गडद जांभळे दिसतात, काही पांढरट, आणि मधूनच एखादा असा निघतो की पांढरट अंगावर कुणी जांभळा ब्रश झटकल्यासारखे शिंतोडे उडालेले. नीट पाहिलं तर हे शिंतोडेही एकसारखे नसतात. एका दाण्यावर दोन-चार ऐसपैस डाग, तर शेजारच्यावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी या ठिपक्यांचा हिशोब मांडला. त्यातून त्यांनी दाखवून दिलं की गुणसूत्रावरचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. हे 1940च्या दशकातलं काम. डीएनएची रचना कळायला तेव्हा अजून काही वर्षं बाकी होती. याच कामासाठी 1983चं शरीरक्रियाशास्त्र आणि वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, तेही एकटीला, वयाच्या 81व्या वर्षी.

त्यांची गोष्ट बहुतेक वेळा उपेक्षेची म्हणून सांगितली जाते: कुणी विश्वास ठेवला नाही, आणि शेवटी जग वरमलं. ते अर्धंच खरं आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची विचार करायची रीत. हाताशी एक सूक्ष्मदर्शक, थोडी शेतजमीन आणि वर्षाला मक्याचं एक पीक. एवढ्या भांडवलावर त्या तिथवर पोचल्या कशा, हे पायरीपायरीने समजून घेता येतं.

मॅक्लिंटॉक यांचा जन्म 16 जून 1902चा, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. मुलगी जास्त शिकली तर तिचं लग्न जमणार नाही म्हणून आईचा कॉलेजला विरोध होता. डॉक्टर असलेल्या वडिलांनी पाठबळ दिलं आणि 1919 मध्ये त्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाल्या. 1927 मध्ये वनस्पतीशास्त्रात त्यांची पीएच.डी. झाली. कॉर्नेल तेव्हा मक्याच्या आनुवंशिकीचं माहेरघर होतं. रोलिन्स इमर्सन यांच्याभोवती जमलेल्या तरुणांमध्ये मार्कस रोड्स होते, आणि पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज बीडलही होते.

मकाच का? कारण मक्याच्या कणसातला प्रत्येक दाणा हे एक वेगळं अपत्य असतं. एका कणसात शेकडो भावंडं ओळीने मांडून ठेवलेली, आणि त्यांचे रंग नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. शिवाय तुरा झाडाच्या शेंड्याला आणि कणीस खाली खोडाला, त्यामुळे परागीकरण माणसाच्या हातात राहतं. कणसाला आणि तुऱ्याला कागदी पिशव्या बांधायच्या, पराग गोळा करायचा आणि हव्या त्या कणसाच्या केसरावर झटकायचा. कुठल्या झाडाचा बाप कोण आणि आई कोण, याची नोंद पक्की. मॅक्लिंटॉक हे काम जवळपास सगळं स्वतःच करत. अडचण एकच, वेळ. फळमाशीची पुढची पिढी दोनेक आठवड्यांत हाती येते, मक्याची यायला पूर्ण हंगाम जातो.

त्यांचं पहिलं मोठं काम सूक्ष्मदर्शकाखाली झालं. मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 10 जोड्या असतात, पण कुठली कुठली हे नीट सांगता येत नव्हतं. मॅक्लिंटॉक यांनी परागकण तयार होतानाच्या पेशी काचपट्टीवर घेतल्या, कारमाइनच्या रंगात रंगवल्या, वरून दाब देऊन चपट्या केल्या आणि दहाही गुणसूत्रं ओळखून काढली. प्रत्येकाची लांबी वेगळी, कंबरेसारखी बारीक जागा वेगळ्या ठिकाणी, आणि काहींवर गडद गाठी. ओळखीचा माणूस चालीवरून कळावा तशी त्यांना गुणसूत्रं कळू लागली. हे 1929 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच, कारण आता शेतातल्या दाण्याचा रंग आणि काचपट्टीवरचं गुणसूत्र यांची सांगड घालता येणार होती.

ती सांगड त्यांनी 1931 मध्ये हॅरिएट क्रेटन या विद्यार्थिनीबरोबर घालून दाखवली. आईबापांकडून आलेली गुणसूत्रांची जोडी बीजपेशी तयार होताना आपापसात तुकड्यांची अदलाबदल करते, असा अंदाज फळमाशीवरच्या प्रयोगांतून बरीच वर्षं बांधला जात होता. प्रत्यक्ष अदलाबदल कुणी पाहिलेली नव्हती. अडचण सरळ आहे: दोन्ही दोऱ्या सारख्याच दिसत असतील तर तुकडे बदलले हे ओळखायचं कशावरून? या दोघींना मक्याचं एक 9 नंबरचं गुणसूत्र सापडलं होतं, ज्याच्या एका टोकाला ठळक गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला 8 नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. म्हणजे दोन्ही टोकांना खूण असलेली दोरी. तिच्या जोडीला बिनखुणांची साधी दोरी.

याच गुणसूत्रावर दोन जनुकं होती. एक दाण्याच्या रंगाचं. दुसरं स्टार्चच्या प्रकाराचं, त्याचं नाव ‘वॅक्सी’. साध्या दाण्याच्या स्टार्चला आयोडीन लावलं की तो निळा पडतो, वॅक्सी दाण्याचा तांबूस-तपकिरी. ज्या दाण्यांमध्ये रंग आणि स्टार्च यांची जुनी जोडी फुटून नवी जुळली होती, त्यांच्यापासून वाढवलेल्या झाडांत गुणसूत्राच्या खुणाही फुटलेल्या निघाल्या. गाठ एका दोरीवर, चिकटलेला तुकडा दुसऱ्या दोरीवर. गुणांची अदलाबदल म्हणजे गुणसूत्राच्या तुकड्यांची खरोखरची अदलाबदल, हे तिथे सिद्ध झालं. वॅक्सी हे नाव लक्षात ठेवा. पन्नास वर्षांनी ते परत येणार आहे.

नाव झालं, पण नोकरी नाही. 1930च्या दशकात त्या शिष्यवृत्त्यांवर फिरत राहिल्या. 1933 मध्ये जर्मनीला गेल्या आणि नाझींचा उदय पाहून लवकर परतल्या. 1936 मध्ये मिझुरी विद्यापीठात सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली, पण तिथे पुढे काही भवितव्य नाही असं वाटून 1941 मध्ये ती त्यांनी सोडली. त्यानंतर न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला कार्नेगी संस्थेच्या विभागात जागा मिळाली. शिकवण्याचं ओझं नाही, मक्यासाठी शेत, आणि काय शोधायचं ते स्वतः ठरवायचं. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या तिथेच राहिल्या.

मिझुरीतल्या वर्षांत त्या क्ष-किरणांनी मोडलेल्या गुणसूत्रांचं पुढे काय होतं ते पाहत होत्या. मोडलेलं टोक जणू चिकट असतं. गुणसूत्राची नक्कल झाली की दोन्ही नकलांची मोडकी टोकं एकमेकींना चिकटतात. मग पेशी विभागताना दोन बाजूंनी ओढ बसते, मधे पूल ताणला जातो आणि तुटतो. तुटला की पुन्हा मोडकी टोकं, पुन्हा चिकटणं, पुन्हा पूल. हे चक्र पेशीमागून पेशी चालू राहतं. 1944च्या उन्हाळ्यात त्यांनी असं मोडलेलं 9 नंबरचं गुणसूत्र आईकडूनही आणि बापाकडूनही मिळालेली रोपं लावली. काही नवी उत्परिवर्तनं मिळतील एवढीच अपेक्षा होती.

उगवलं ते भलतंच. रोपांच्या पानांवर रंगाचे पट्टे होते, आणि प्रत्येक रोपात पट्टे पडण्याचा एक ठरावीक वेग होता. मग त्यांना काही पानांवर जुळे पट्टे दिसले. शेजारी-शेजारी दोन भाग, एकात पट्ट्यांचा वेग बाकीच्या पानापेक्षा वाढलेला, दुसऱ्यात घटलेला. शेजारचे भाग म्हणजे एकाच पेशीच्या दोन लेकींची संतती. याचा अर्थ त्या पेशीच्या विभागणीत एका लेकीच्या पदरात काहीतरी जास्त पडलं होतं आणि तेच दुसरीच्या वाट्यातून गेलं होतं. मला विचाराल तर पुढचा सगळा शोध या एका निरीक्षणात आहे. साधं उत्परिवर्तन ही एका पेशीत झालेली चूक असते. तिथे शेजारणीचं काही कमी व्हायचं कारण नाही. इथे मात्र देवाणघेवाण झाल्यासारखा जमाखर्च जुळत होता.

पुढची चार-पाच वर्षं याचा पाठपुरावा करण्यात गेली. त्यांच्या लक्षात आलं की काही झाडांत 9 नंबरचं गुणसूत्र वारंवार मोडतं, आणि दर वेळी एकाच ठिकाणी. त्या ठिकाणी असलेल्या घटकाला त्यांनी ‘डिसोसिएशन’ म्हणजे विलग करणारा असं नाव दिलं, थोडक्यात डीएस. पण डीएस एकटा काहीच करत नाही. त्याच झाडात आणखी एक घटक असेल तरच गुणसूत्र मोडतं. हा दुसरा म्हणजे ‘अॅक्टिव्हेटर’, एसी, चेतवणारा. संकरांमधून एसीचा पत्ता शोधायला गेलं तर तो कधी एका जागी सापडे, कधी दुसऱ्या.

आणि मग एका दाण्यात कोडं उलगडलं. या दाण्याला रंग यायला हवा होता, पण तो पांढरट होता आणि त्यावर जांभळे ठिपके होते. त्या दाण्यापासून पुढची झाडं वाढवून मॅक्लिंटॉक यांनी गुणसूत्र पाहिलं. आता ते जुन्या ठिकाणी मोडत नव्हतं. ते मोडत होतं रंगाच्या जनुकाच्या जागी. डीएस जुन्या घरातून उठून रंगाच्या जनुकात जाऊन बसला होता, आणि तो बसताच जनुक बंद पडलं होतं. पुढच्या पेशींत तो तिथून उठला की जनुक पुन्हा चालू, पेशी जांभळी, आणि त्या पेशींत ती जागा मोडणंही थांबलेलं. डीएस आला की रंग जातो आणि मोडणं सुरू होतं. डीएस गेला की रंग येतो आणि मोडणं थांबतं. दोन वेगवेगळे साक्षीदार, एक शेतातला, एक सूक्ष्मदर्शकाखालचा, आणि दोघांची जबानी तंतोतंत जुळणारी.

आता ठिपके वाचता येतात. दाणा एका पेशीपासून वाढतो. रंगाचं जनुक सुरुवातीलाच मोकळं झालं तर त्या पेशीची सगळी संतती जांभळी, म्हणजे मोठा डाग. दाणा जवळपास पूर्ण भरल्यावर मोकळं झालं तर वाढायला वेळच उरत नाही, म्हणून बारीक ठिपका. ठिपक्याचा आकार सांगतो *केव्हा* उडी पडली, ठिपक्यांची संख्या सांगते *किती वेळा* पडली. मक्याच्या दाण्यात अन्न साठवणाऱ्या भागात गुणसूत्रांचे तीन संच असतात, दोन आईकडचे आणि एक बापाकडचा. त्यामुळे संकराची दिशा, म्हणजे आई कोण आणि बाप कोण, बदलून त्या एसीची मात्रा एक, दोन किंवा तीन अशी ठरवू शकत होत्या. मात्रा वाढवली की ठिपके बारीक होत जात, म्हणजे उड्या उशिरा पडत. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो. कुठलंही उपकरण नाही, दाणा हेच घड्याळ.

1950 मध्ये त्यांनी हे शोधनिबंधात मांडलं आणि 1951 च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादात सविस्तर सांगितलं. प्रतिसाद थंड होता. आता ते अर्धसत्य. मॅक्लिंटॉक तेव्हा कुणी अनोळखी, दुर्लक्षित बाई नव्हत्या. 1944 मध्ये त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या तिसऱ्या महिला होत्या आणि 1945 मध्ये अमेरिकेच्या जेनेटिक्स सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष. मक्यात तुकडे जागा बदलतात हे मका-शास्त्रज्ञांनी फारसं नाकारलंही नाही. विस्कॉन्सिनचे अलेक्झांडर ब्रिंक यांनी 1952च्या सुमारास स्वतःच्या मक्यात तसंच दाखवलं, पीटर पीटरसन यांनीही असेच घटक शोधले. मग अडलं कुठे?

अडलं ते मॅक्लिंटॉक यांच्या मोठ्या दाव्यापाशी. जागा बदलणं हा त्यांच्या लेखी मुख्य मुद्दा नव्हताच. हे घटक जनुकांना केव्हा चालू व्हायचं आणि केव्हा बंद ते सांगतात, एकाच बीजातून मूळ, खोड, पान कसं घडतं याचं उत्तर यात आहे, असं त्यांना वाटत होतं. म्हणूनच त्या त्यांना ‘नियंत्रक घटक’ म्हणत. हा दावा त्यांच्या पुराव्याच्या पुढे जात होता, आणि त्या मूळ रूपात तो टिकला नाही. झाडाची वाढ घटकांच्या उड्यांवर चालत नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. त्यातून मक्याच्या आनुवंशिकीची भाषा इतकी किचकट, की मका न पिकवणाऱ्याला त्यांचं म्हणणं पहिल्या फटक्यात कळणं अवघड. आणि वारं दुसरीकडे वाहत होतं. 1952 मध्ये त्याच संस्थेत, त्यांच्याच विभागात, आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी विषाणूंवर प्रयोग करून आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते याचा भक्कम पुरावा दिला. सगळ्यांची नजर जीवाणू आणि विषाणूंकडे लागली होती.

1953 नंतर मॅक्लिंटॉक यांनी या विषयावर मोठ्या नियतकालिकांत सविस्तर लिहिणं जवळजवळ थांबवलं. काम थांबवलं नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्या निष्कर्ष नोंदवत राहिल्या. 1957 पासून मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या मक्याच्या देशी वाणांची गुणसूत्रं तपासण्याचं प्रचंड काम त्यांनी अंगावर घेतलं, ते पूर्ण होऊन छापायला 1981 उजाडलं. 1961 मध्ये पॅरिसच्या जाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंत जनुकं चालू-बंद करणारी यंत्रणा दाखवली, तेव्हा त्यांनी लगेच लेख लिहून तिची आपल्या मक्याशी तुलना केली. तपशिलात त्या चुकल्या असतील, पण जनुकांवर लगाम असतो हा प्रश्न त्यांनी आधीच विचारला होता, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

वारं फिरलं ते 1960च्या दशकाच्या अखेरीस. जीवाणूंमध्येच उड्या मारणारे डीएनएचे तुकडे सापडले. प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुकं अशाच तुकड्यांवर स्वार होऊन एका जीवाणूतून दुसऱ्यात पसरतात हेही कळलं. मग फळमाशीत सापडले. आता हा प्रकार मक्यापुरता राहिला नव्हता.

एसी मात्र अजून कुणी हातात धरलेला नव्हता. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. मक्याच्या अवाढव्य डीएनएतून साडेचार हजार अक्षरांचा तुकडा शोधायचा कसा? इथे वॅक्सी परत येतं. हे जनुक स्टार्च बनवणारं एक एन्झाइम तयार करतं, आणि ते प्रथिन दाण्यात भरपूर असल्यामुळे जनुकापर्यंत पोचण्याची वाट होती. मॅक्लिंटॉक यांच्या मक्यात असे वाण होते ज्यांच्या वॅक्सी जनुकात एसी बसलेला होता. बाल्टिमोरच्या निना फेडरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिघडलेलं वॅक्सी वेगळं काढलं, धडधाकट वॅक्सीशी ताडून पाहिलं, आणि जो जास्तीचा तुकडा उरला तो एसी. हेही 1983च. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅक्लिंटॉक यांनी आपल्या नोबेलची बातमी रेडिओवर ऐकली.

तुकडा हाती आल्यावर जुनी कोडी एकेक करून सुटली. एसीच्या दोन्ही टोकांना 11 अक्षरांची, एकमेकांची उलटी प्रत असलेली खूण असते. मधे एका एन्झाइमची कृती लिहिलेली. हे एन्झाइम त्या खुणा ओळखतं, तुकडा कापतं आणि दुसरीकडे जोडतं. डीएस म्हणजे बहुतेकदा मधला भाग गमावलेला एसीच. खुणा शाबूत, पण कात्री नाही. म्हणून त्याला एसीची वाट पाहावी लागते. आणि ते जुळे पट्टे? असा घटक बऱ्याचदा डीएनएची नक्कल होत असतानाच उठतो. ज्या भागाची नक्कल झालेली आहे तिथून उठून तो नक्कल व्हायच्या भागात बसला, तर विभागणीनंतर एका लेकीला दुसरीपेक्षा एक जास्त मिळतो. 1940च्या दशकात पानावर वाचलेला जमाखर्च रेणूंच्या पातळीवरही बरोबर निघाला.

उडी मारणारा तुकडा संशोधकांच्या हातातलं हत्यारही झाला. तो जिथे बसतो ते जनुक बंद पाडतो, आणि त्याचा क्रम माहीत असल्यामुळे त्या जनुकावर आपोआप चिठ्ठी लागते. 1994 मध्ये तंबाखूतलं मोझेक विषाणूला रोखणारं जनुक आणि टोमॅटोतलं एका बुरशीला रोखणारं जनुक अशाच रीतीने पकडलं गेलं. दोन्हीकडे चिठ्ठी मक्याचीच, एसी किंवा डीएस.

2009 मध्ये मक्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला तेव्हा त्यातला सुमारे 85 टक्के भाग अशा फिरत्या घटकांचा निघाला. माणसात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, त्यातले जवळपास सगळे केव्हाच निजलेले. बहुतेक घटक झाडाचं काही भलं करत नाहीत, ते नुसते स्वतःच्या प्रती वाढवत गेले. ‘प्रत्येक घटकाला काहीतरी काम असणारच’ असा उत्साही सूर हल्ली ऐकू येतो, तो मला पटत नाही. पण अधूनमधून एखादी उडी मोलाची ठरते. मेक्सिकोतल्या झुडुपासारख्या रानटी गवतापासून एका सरळ दांड्याचा मका घडला, त्यामागच्या एका महत्त्वाच्या जनुकाजवळ असाच एक घटक येऊन बसलेला आहे.

आणखी एक उदाहरण 1990चं, इंग्लंडमधल्या नॉरिचचं. मेंडेलने वाटाण्याचे गोल आणि सुरकुतलेले दाणे मोजून आनुवंशिकतेचे नियम काढले, हे आपण सगळे शाळेत शिकतो. दाणा सुरकुततो का, हे मात्र सव्वाशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. जॉन इन्स संस्थेच्या संशोधकांना दिसलं की सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक मोडलेलं आहे. स्टार्च कमी बनतो, साखर साठते, साखरेमुळे दाणा जास्त पाणी ओढून फुगतो आणि वाळताना आक्रसतो. जनुक मोडलं होतं ते त्यात घुसून बसलेल्या सुमारे 800 अक्षरांच्या तुकड्यामुळे. त्या तुकड्याच्या टोकांवरची खूण वाचली तेव्हा तो एसी आणि डीएसच्या घराण्यातला निघाला. मॅक्लिंटॉक तेव्हा 87 वर्षांच्या होत्या, कोल्ड स्प्रिंग हार्बरलाच.